चिनी मातीच्या माहेरी

आपल्या घरांत ‘चिनी माती’ हा शब्द इतका रुळून गेला आहे की त्यातील ‘चिनी’ आपल्या कानांना आता जाणवतही नाही. लोणच्याची बरणी चिनी मातीची, मुरंब्याचा सट चिनी मातीचा, आणि पाहुण्यांसाठी कपाटात राखून ठेवलेल्या कपबशाही चिनी मातीच्याच. पण ही माती चीनमधील कोणत्या गावची, ती कोणी खणली, कोणी कुटली, हे आपण कधी विचारलेले नसते. आम्हीही विचारले नव्हते. तो प्रसंग आला एका तडा गेलेल्या बरणीमुळे.

आमच्या वडोदऱ्याच्या घरी एक जुनी बरणी आहे. वरचा भाग तपकिरी, खालचा पिवळसर पांढरा, आणि झाकण केव्हापासूनच दुसऱ्या बरणीचे. आमच्या आजीने लग्न होऊन साताऱ्याहून वडोदऱ्यास येताना ती आगगाडीत सबंध वाटभर मांडीवर धरून आणली, असे घरात सांगत आले आहेत. गेल्या वर्षीच्या चैत्रात तिला बुडापासून वरपर्यंत केसाएवढी चीर गेलेली दिसली. सूनबाई म्हणाल्या, चिरेतून तेल झिरपते, फळीवर डाग पडतो, आता ही काढून टाकावी. आमच्या सौभाग्यवतींना ते मान्य नव्हते. दोघींचेही म्हणणे रास्त असल्यामुळे आम्ही, अशा प्रसंगी गृहस्थाने करावे तेच केले, म्हणजे गप्प बसलो. बरणी रिकामी होऊन माळ्यावर गेली आणि प्रश्न तसाच राहिला.

पुढे चीनला जाण्याचा योग आला. भारत आणि चीन यांच्यामधील थेट विमानसेवा २०२० साली थांबली होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यानंतरच्या महिन्यात आम्ही उभयता कोलकात्याहून ग्वांगझौला उतरलो. चीनला जाणारा माणूस सहसा बीजिंगजवळची भिंत पाहतो, शांघायचे मनोरे पाहतो आणि परततो. आम्ही वाट थोडी वाकडी करून जिआंगशी प्रांताची राजधानी नानछांग गाठली. तेथून जिंगदेझेनला जाणारी वेगवान रेल्वे डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली असल्याने एके काळी जो प्रवास होडीने दिवसेंदिवस चाले, तो आता आपल्या वडोदरा-सुरत प्रवासासारखा सहज होतो.

जिंगदेझेन हे चांग नदीच्या काठचे शहर आहे. (ही नदी पोयांग सरोवराकडे जाते. यांगत्सेलाही चिनी लोक ‘चांग’ म्हणतात, पण ती वेगळी, हे ध्यानात ठेवावे.) शहराचे जुने नाव चांगनान, म्हणजे चांग नदीच्या दक्षिणेकडील गाव. सुंग घराण्यातील सम्राट झेनझुंग याने आपल्या ‘जिंगदे’ या राजवर्षांच्या नावावरून १००४ साली त्याला जिंगदेझेन हे नाव दिले. आमची वाटाड्या मुलगी मोठ्या अभिमानाने म्हणाली, “चांगनान या नावावरूनच साऱ्या जगाने आमच्या देशाला ‘चायना’ म्हणायला सुरुवात केली.” त्या गावात ही गोष्ट सर्रास सांगतात. पण येथे संस्कृत जाणणाऱ्या मराठी माणसाला थोडे थबकावे लागते. ‘चीन’ हा शब्द आपल्या महाभारतात आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे, कालिदासाला ‘चीनांशुक’ ठाऊक आहे. हे सारे १००४ सालाच्या कितीतरी आधीचे. बहुतेक पंडितांच्या मते प्राचीन ‘छिन’ राज्याच्या नावावरून संस्कृतात ‘चीन’ झाले आणि तेथून तो शब्द पश्चिमेकडे गेला. आम्ही हे त्या मुलीला सौम्यपणे सांगितले. ती क्षणभर हिरमुसली, मग हसून म्हणाली, “म्हणजे आमचे नाव तुमच्याकडून आले आणि तुमच्या बरण्यांचे नाव आमच्याकडून. हिशेब फिटला!”

वाचकहो, या मातीचे रहस्य असे की ती एक माती नव्हेच, त्या दोन आहेत. पहिला आहे एक पांढरट दगड. तो फोडून, कुटून, पाण्यात कालवून, निथळून त्याच्या लहान विटा पाडतात. दुसरी खरी माती. ती जिंगदेझेनच्या ईशान्येस असलेल्या गाओलिंग नावाच्या टेकडीवर सापडे. गाओलिंग म्हणजे ‘उंच कडा’. याच नावावरून साऱ्या जगाच्या रसायनशास्त्रात ‘केओलिन’ हा शब्द रूढ झाला. दगड भट्टीत वितळून काचेसारखा होतो आणि भांड्याला अर्धपारदर्शक तेज देतो. केओलिन मात्र तेवढ्या उष्णतेतही आपला आकार सोडत नाही आणि भांडे ढासळू देत नाही. एक मांस, दुसरे हाड.

ही मांस-हाडांची उपमा आमची नाही. फ्रांस्वा झाव्हिए दांत्रकोल नावाचा एक फ्रेंच जेसुइट पाद्री अठराव्या शतकाच्या आरंभी या भागात राहत होता. त्याने १७१२ आणि १७२२ साली दोन लांबलचक पत्रे लिहून येथील कृतीचे बारकावे युरोपास कळवले. त्यात तो एका चिनी व्यापाऱ्याची गोष्ट सांगतो. काही युरोपियनांनी नुसत्या दगडाच्या विटा विकत घेऊन मायदेशी नेल्या आणि त्यांपासून भांडी घडवण्याचा खटाटोप केला. केओलिन नेण्याचे त्यांना सुचले नाही. व्यापारी हसून म्हणाला, यांना हाडांवाचून नुसत्या मांसाचा देह उभा करावयाचा होता! दरम्यान जर्मनीतील माइसेन येथे १७१० साली युरोपचा पहिला कारखाना निघाला होता. त्यांनी आपली वाट स्वतंत्रपणे शोधली होती. पण त्याआधीची कित्येक शतके हे ज्ञान पूर्वेकडेच होते.

जिंगदेझेनमध्ये एक दिवस काढून आम्ही सानबाओ या गावी गेलो. शहरापासून काही मैलांवर, डोंगरांच्या एका अरुंद दरीत हे गाव लांबट वसले आहे. मधून ओढा वाहतो. याच ओढ्यावर दगड कुटणारी मुसळे चालत. लाकडी पाणचक्र फिरते, त्याच्या आसाला खुंट्या असतात, त्या खुंट्या लांब तुळईचे शेपूट दाबतात, तुळईचे डोके वर उचलले जाते आणि खुंटी सुटताच धाडकन दगडावर आदळते. औरंगाबादची पाणचक्की आणि आपल्या आजीच्या उखळातील मुसळ यांचा संयोग केला तर जे होईल ते हे यंत्र. पूर्वी हा ठोक्यांचा नाद दरीत रात्रंदिवस घुमे. आता बहुतेक दगड यंत्राने दळला जातो, आणि जी मुसळे चालू आहेत त्यांतील काही केवळ आमच्यासारख्या पाहुण्यांसाठी चालतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

खरे सांगावयाचे तर पहिल्या दर्शनी आमचा थोडा विरसच झाला. दरीत चहागृहे, पाहुण्यांची निवासस्थाने, काचेच्या तावदानांची दुकाने. जो तो मोबाइलसमोर प्याले धरून बोलत आहे. पाहिले तर ते गिऱ्हाइकांना दूरवरून माल दाखवत होते. सौभाग्यवती म्हणाल्या, “हे गाव कुंभारांचे आहे की कुंभारांच्या देखाव्याचे?” हा प्रश्न आमच्या मनातून पुढे दोन दिवस हलला नाही.

त्यातच एक फजिती झाली. आदल्या दिवशी शहरातील एका दुकानातून आम्ही निळ्या नक्षीचे दोन प्याले घेतले होते. दुकानदाराने शपथेवर सांगितले की नक्षी हातची आहे. सानबाओत एका ओसरीवर साठीच्या घरातल्या एक बाई चाकावर प्याला ठेवून कुंचल्याने रेघ काढत होत्या. आम्ही कौतुकाने आपले प्याले त्यांना दाखवले. त्यांनी ते हातात घेतले, शेजारी शेजारी ठेवले आणि काही न बोलता दोन्ही प्याल्यांवरील एकाच पानाच्या टोकावर बोट ठेवले. दोन्ही टोके तंतोतंत सारखी. मग त्यांनी भिंग दिले. भिंगातून नक्षी बारीक ठिपक्यांची दिसली. छापाच्या कागदावरून उतरवलेली होती. “हात दोनदा एकच पान काढू शकत नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात ना त्या दुकानदाराची निंदा होती, ना आमच्या भोळेपणाची चेष्टा. वाचकांपैकी कोणी तिकडे गेले तर ही कसोटी लक्षात ठेवावी. तिला काही खर्च नाही.

या बाईंच्या ओसरीवर आम्ही दोन दिवस बसलो. आमची वाटाड्या मुलगी त्यांना ‘शीफू’ म्हणे, म्हणजे आपण उस्ताद किंवा गुरुजी म्हणतो तसे. आणि सौभाग्यवतींना ती ‘नाइनाइ’, म्हणजे आजी, म्हणू लागली होती. शीफूंनी सांगितलेली हकिकत अशी.

१९५० नंतर जिंगदेझेनमधील लहान लहान कारखाने एकत्र करून सरकारी मोठे कारखाने उभारण्यात आले. त्यांतील एकात शीफू सोळाव्या वर्षी लागल्या. त्यांचे काम एकच : फिरत्या चाकावरील भांड्याच्या काठाला निळी रेघ काढणे. फूल काढणारी दुसरी, पान भरणारी तिसरी, झिलई चढवणारा चौथा. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी रेघेशिवाय काही काढले नाही. ही श्रमविभागणी सरकारी कारखान्यांनी शोधलेली नव्हे. सुंग यिंगशिंग या लेखकाने १६३७ साली छापलेल्या आपल्या उद्योगविषयक ग्रंथात लिहून ठेवले आहे की एक प्याला पुरा होईपर्यंत ७२ हातांतून जातो. दांत्रकोलनेही असेच पाहिले होते. १९९० नंतरच्या दशकात ते सरकारी कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. शीफूही बसल्या.

“रेघ येत होती,” त्या म्हणाल्या, “पण रेघ कोण विकत घेणार?”

मग चाळिशीत त्यांनी बाकीचे शिकायला सुरुवात केली. ओळखीच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून चाकावरचे काम, दुसऱ्याकडून तासणे, तिसरीकडून फुले. येथे चाकाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जिंगदेझेनचा जुना कुंभार जड चाकाच्या खाचेत काठी घालून ते गरगर फिरवतो आणि काठी बाजूला ठेवून, चाक फिरते आहे तोवर घडवतो. आपल्याकडचा कुंभार अगदी हेच करतो. सौभाग्यवतींनी ते पाहताच, “अगं बाई, हा तर आपला कुंभारवाडा!” असे उद्गार काढले. फरक पुढे आहे. आपला कुंभार ओल्या मातीलाच थापून पातळ करतो. येथे भांडे आधी मुद्दाम जाडजूड ठेवतात आणि सुकल्यावर पोलादी हत्याराने तासून तासून पातळ करतात. तासणारा टिचकी मारून आवाजावरून जाडी ओळखतो. त्यानंतर कच्च्या, न भाजलेल्या भांड्यावरच कोबाल्टच्या रंगाने नक्षी, तिच्यावर झिलई, आणि मग एकदाच भट्टी. रंग लावतेवेळी करडा-काळपट दिसतो. निळा होतो तो आगीत.

पूर्वीची भट्टी आडव्या ठेवलेल्या अर्ध्या अंड्याच्या आकाराची. तीत मातीच्या डब्यांत बंद करून भांडी रचत, पाइनची लाकडे जाळत, आणि उष्णता सुमारे १३०० अंशांपर्यंत नेत. मोजण्याचे साधन काही नाही. भट्टीचा मुख्य झरोक्यातून आत थुंके आणि थुंकी कशी उडते, कशी विरते यावरून आग ओळखे! ओळख चुकली तर शेकडो माणसांची मेहनत वाया जाई. शहरातील जुन्या भट्ट्यांच्या परिसरात अशी भट्टी आम्ही पाहिली. सम्राटाच्या भट्टीतील तुंग बिन या कारागिराची कथाही तेथे ऐकली. १५९९ साली दरबाराने मागवलेली प्रचंड नागचित्रांची भांडी काही केल्या साधेनात, वरून छळ वाढत चालला, तेव्हा त्याने भट्टीत उडी घेतली आणि मग ती भांडी निर्दोष निघाली, असे सांगतात. लोकांनी त्याला भट्टीचा देव केले. कथेतील शेवटचा भाग श्रद्धेचा आहे. छळाचा भाग खरा मानायला श्रद्धेची गरज नाही.

दरबारी भांड्यांत किंचित खोट आढळली तरी ती फोडून तेथेच पुरत, म्हणजे सम्राटाचे भांडे दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नये. गेल्या काही दशकांत पुरातत्त्ववेत्त्यांनी ते खड्डे उकरून तुकडे जोडले आणि आज संग्रहालयात ती जोडलेली भांडी मांडून ठेवली आहेत. ज्या मिंगकालीन छंगह्वा राजवटीचा एक कोंबड्यांच्या चित्राचा इवलासा प्याला एप्रिल २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरांहून अधिक किमतीला गेला, त्याच राजवटीतील, खोट निघाली म्हणून फोडलेले प्याले येथे शेजारी उभे आहेत. त्यांच्यावरचे सांधे कोणी लपवलेले नाहीत.

आता आमच्या मनातील प्रश्नाकडे येतो. शीफूंना एक मुलगा आहे. तो शेनझेनला विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात आहे. त्याला यातले काही येत नाही आणि यावयाचेही नाही. ओसरीवर जे शिकत होते त्यांतील एक मुलगी सछ्वान प्रांताची, एक मुलगा थेट उत्तरेकडचा. गेल्या काही वर्षांत अशी हजारो तरुण मंडळी बाहेरून जिंगदेझेनला येऊन राहिली आहेत. एका बंद पडलेल्या सरकारी कारखान्याच्या आवारात २०१६ पासून कलाकेंद्र आणि बाजार सुरू झाला आहे, तेथे ती आपला माल मांडतात. आम्ही शीफूंना विचारले, घरची विद्या परक्या मुलांना देताना मनाला काही वाटत नाही का?

येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. जिंगदेझेन हे मुळातच बाहेरच्यांचे शहर. घडवणे आणि भाजणे हे मुख्यत्वे पोयांग सरोवराकाठच्या दूछांगहून आलेल्यांकडे. पेढ्या आणि व्यापार ह्वेइझौच्या लोकांकडे. बाकीची कामे इतर गावांच्या लोकांकडे. प्रत्येक गाववाल्यांचे आपले संघगृह असे. आपल्या बोलीचा माणूस नवा आला की त्याने तेथे उतरावे, आजारी पडला तर तेथे शुश्रूषा व्हावी. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आपली जुनी मंडळे आणि गणेशोत्सव आठवल्यावाचून राहिले नाहीत. आणि त्या गटांचे नियमही कडक. कोणते काम कोणी करावे हे ठरलेले. भट्टी बांधण्याची विद्या पिढ्यान् पिढ्या एकेका घराण्यात राखलेली. परक्यास शिकवणे नाही.

शीफू हातातील रेघ पुरी होईपर्यंत बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझे आजोबा दूछांगहून आले. तेव्हा तेही परकेच होते. त्यांचे नियम पाळत बसले असते तर आज या ओसरीवर मी एकटी असते.” थोड्या वेळाने त्यांनी जोडले, “ही सछ्वानची मुलगी फुले माझ्यापेक्षा बरी काढते. रेघ अजून येत नाही.”

सौभाग्यवती यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. रात्री निवासस्थानी त्या म्हणाल्या, “आपल्याकडेही असेच आहे की.” त्यांचा रोख आमच्या ध्यानी आला. आमच्या सूनबाई गुजराती आहेत. सौभाग्यवतींच्या मनगटाच्या दुखण्यापासून घरचे लोणचे त्याच घालतात. कैरीच्या फोडीची जाडी, मेथी किती तळावी, तेल गार झाल्यावरच ओतावे, हे आजीने सौभाग्यवतींना आणि सौभाग्यवतींनी सूनबाईंना सांगितलेले. आमची स्वतःची कन्या पुण्यास असते. ती लोणचे दुकानातून आणते. घरातील बरणी काढून टाका म्हणणारी तीच व्यक्ती घरातील लोणचे राखणारी आहे, हे इतके दिवस आमच्या डोळ्यांसमोर असून आम्हास दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी शीफूंनी आमच्या हाती कुंचला दिला. कच्च्या प्याल्यावर काठालगत एक रेघ ओढावयाची, एवढेच. चाक फिरते, कुंचला स्थिर धरावयाचा. पण कच्ची माती रंग टिपकागदासारखी शोषून घेते. थांबलात तर डाग, दाबलात तर रेघ जाड, आणि पुसण्याची सोय नाही. आमची रेघ एक फेरा घेऊन परत आली ती आरंभाच्या ठिकाणापासून चांगली गव्हाच्या दाण्याएवढी खाली. सछ्वानची मुलगी तोंडावर हात धरून हसली. शीफूंनी तो प्याला इतर भांड्यांबरोबर गॅसच्या भट्टीत ठेवला; हल्ली बहुतेक माल गॅसवरच भाजतात. तिसऱ्या दिवशी तो निळाशार होऊन हाती आला. वाकडेपणाही निळाशार झाला होता.

गाओलिंगलाही आम्ही जाऊन आलो. डोंगरात जुन्या खाणींची तोंडे आहेत, दगडी पायवाट आहे आणि माती धुतल्यावर उरलेल्या पांढऱ्या वाळूचे ढीग आहेत. दुरून बर्फ पडल्यासारखे वाटते. तेथील उत्तम माती अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बरीचशी सरली आणि जिंगदेझेनने दुसरीकडून माती आणावयास सुरुवात केली. ज्या गावाने जगाला नाव दिले तेथे आता खणणे नाही. कुंभारकाम मात्र चालूच आहे.

जेवणाची काळजी असणाऱ्या शाकाहारी वाचकांसाठी : तेथे तांदळाच्या उकडीच्या पारीत भाजी भरून, करंजीचा आकार देऊन वाफवलेला एक पदार्थ सर्वत्र मिळतो. मुळ्याच्या किंवा टोफूच्या सारणाचा मागावा आणि मांस नसल्याची खात्री करून घ्यावी. तिखट आपल्या कोल्हापूरला लाजवील असे. सौभाग्यवतींनी पारी चाखून, “पीठ आणखी मळायला हवे होते,” असा अभिप्राय दिला.

परतण्यापूर्वीच्या सोमवारी पहाटे आम्ही जुन्या वस्तूंच्या बाजारात गेलो. अंधारात बॅटरीच्या उजेडात तुकडे विकतात म्हणून लोक त्याला ‘भुतांचा बाजार’ म्हणतात. तेथे फुटकी भांडी जोडणारा एक वृद्ध कारागीर बसला होता. हिऱ्याच्या टोकाच्या सामत्याने काठाशी बारीक भोके पाडावयाची आणि धातूचे टाके ठोकून दोन तुकडे शिवावयाचे, ही त्याची विद्या. आम्ही मोबाइलवर आमच्या बरणीचे छायाचित्र दाखवले. त्याने ते मोठे करून नीट पाहिले आणि मान हलवली. “ही आमच्या गावची नाही. ही दगडी मातीची आहे, जाड. तुमच्याकडेच झाली असेल.” आपण ज्यांना चिनी मातीच्या म्हणतो त्या बहुतेक बरण्या भारतातच घडलेल्या, झिलई दिलेल्या दगडी मातीच्या असतात, हे आम्हास तेथे समजले. आजीची बरणी चीनला कधी गेलीच नव्हती.

“टाके घालता येतील का?” सौभाग्यवतींनी विचारले.

“येतील. पण तेल तरी झिरपेलच. तेल घालू नका. कोरडे काहीतरी ठेवा.”

एवढ्या साध्या उत्तरासाठी एवढ्या दूर जावे लागले, याचे आम्हास हसूही आले आणि बरेही वाटले.

ज्यांना इतक्या दूर जाणे शक्य नाही त्यांनी निदान घराजवळचे पाहावे. हैदराबादच्या वाचकांनी सालारजंग संग्रहालयातील चिनी भांड्यांचे दालन वेळ काढून पाहावे. अन्नात विष असल्यास ते उघड करतात अशी ज्यांची ख्याती होती, ती हिरवट झिलईची भांडी तेथे आहेत. वडोदऱ्याच्या संग्रहालयातही चिनी वस्तू आहेत. बेळगावकरांना तर खानापूरचे कुंभारकाम दूर नाही. आणि कोठेच जाणे न झाले तरी स्वयंपाकघरातील बरणी उचलून तिच्या बुडाकडे एकवार पाहावे. जेथे झिलई नसते तेथे खरी माती दिसते.

आमच्या घरचा तंटा मिटला. बरणी माळ्यावरून खाली आली. तिच्यात आता जाडे मीठ असते. लोणच्यासाठी सूनबाईंनी नवी बरणी आणली, ती त्यांच्या पसंतीची, धडधाकट. छापील नक्षीचे ते दोन प्याले पाहुण्यांच्या कपाटात आहेत आणि आम्ही कोणास काही सांगत नाही. वाकड्या रेघेचा प्याला मात्र आमच्या हाती राहिला नाही. यंदा कैऱ्या आल्या तेव्हा सूनबाईंनी तो मोहरीची डाळ मोजावयास घेतला, माप बरोबर बसले, आणि तेव्हापासून तो त्यांच्याच फळीवर आहे.